सासूच्या नावाचा उंदीर

सासूला नावं ठेवणाऱ्या सुना गावोगाव सापडतील. सासूचं नाव उंदराला ठेवणारी सून मात्र एकट्या कातळोशीत निघाली. हेमांगी मांडवकर तिचं नाव. तालुक्याच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची आणि सुट्टी मिळाली की गावामागच्या सड्यावर पालथी पडून बिळं बघायची. पोरगी सासूच्या मांडीवर, सून कातळावर आणि नवरा जयवंत भाताच्या खाचरात, असा तो संसार. बरीच वर्षं बघून, मापं घेऊन, दात-कवटी तपासून तिने शेवटी जगाला पटवलं की या सड्यावरचा उंदीर दुसऱ्या कुठल्याच उंदरासारखा नाही. ही वेगळी प्रजाती आहे. नव्या प्रजातीचं नाव ठेवायचा मान शोधणाऱ्याचा. हेमांगीने नाव ठेवलं 'मस सुनंदाए'. लॅटिनमधला मस आणि आपला मूषक मुळात एकाच भावकीतले, आणि सुनंदा ही तिची सासू.

"बाकी काही मिळालं नाही गो तुला?" सुनंदाबाई म्हणाल्या होत्या. "एखादं फूल, पाखरू... निदान बेडूक तरी?"

"आई, तुम्ही मुलीला सांभाळलंत म्हणून हा सापडला."

"मग मुलीचं नाव ठेवायचं होतंस."

महिनाभर त्या सुनेशी फक्त भांड्यांच्या आवाजात बोलल्या. पुढे पुण्याहून वर्तमानपत्रवाले येऊन त्यांचा नव्या साडीतला फोटो काढून गेले आणि वारं फिरलं. लग्नकार्यात कुणी जावयाची गाडी नाहीतर मुलाचा परदेशातला बंगला सांगायला लागलं, की सुनंदाबाई पदर सारखा करत म्हणायच्या, "माझ्या नावाचा प्राणी आहे. तुमच्या नावाचं काय आहे?"

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं लांबच लांब पठार. पावसाळ्यात त्याच्यावर वीतभर गवत आणि निळी-पिवळी फुलं. उन्हाळ्यात नुसता तवा. अशा तव्यावर मुठीत मावणारा, पोटाला पांढरा आणि पाठीला जांभ्याच्याच रंगाचा उंदीर जगतो, तो आपल्या एका सवयीच्या जोरावर. कातळाच्या फटीत टीचभर माती साठते तिथे तो बीळ करतो आणि बिळाच्या तोंडाशी खडे आणून रचतो. एकेक खडा दातांत धरून आणायचा, नाकाने ढकलून बसवायचा, पसंत पडला नाही तर उचलून दुसरीकडे. अर्धगोल, नेटका उंबराच तो. पावसात पाणी आत शिरत नाही. थंडीत पहाटे ते खडे हवेच्या आधी गार होतात, त्यांच्यावर दव धरतं आणि ते चाटून हा आपली तहान भागवतो, असं हेमांगीचं म्हणणं. शेतातला उंदीर यातलं काही करत नाही. तो उकरलेली माती दारात ढकलतो आणि आत जाऊन झोपतो. हेमांगी वर्गात सांगायची, "रूप दोघांचं जवळपास सारखं. पण घर बघितलं की घराणं कळतं."

ती निवृत्त झाली तोवर शेतातल्या उंदराने मात्र गावाला जेरीस आणलं होतं. थंडी नावापुरती उरली होती आणि पाऊस वर्षात कधीही यायचा. बांधांवर बारमाही हिरवं, म्हणून उंदरांची वीणही बारमाही. भात खायचे ते खायचेच, पण त्यांच्या मुतातून लेप्टोच्या तापाचे जंतू खाचराच्या पाण्यात उतरायचे आणि पायाच्या भेगांतून माणसाच्या अंगात शिरायचे. मागल्या लावणीच्या दिवसांत जयवंतचा जिवलग दोस्त बाळा शिगवण ताप अंगावर काढत राहिला आणि डोळे पिवळे झाल्यावर दवाखान्यात गेला. तो परत आला नाही. जयवंत गावच्या भात मंडळाचा अध्यक्ष झाला तो त्यानंतर, आणि झाला तो एकच गोष्ट मनात धरून. कातळोशीत घरजावई आणायचे.

घरजावई हे गावाने ठेवलेलं नाव. प्रयोगशाळेत घडवलेले नर उंदीर ते. एरवी नराच्या बीजांतली निम्मी मुलगा देणारी, निम्मी मुलगी देणारी. कौल दोन्हीकडे सारखा. या नरांच्या जनुकांत एक कात्री बसवलेली होती. बीज तयार होतानाच मुलगी देणारी बीजं ती कातरून टाकायची. म्हणजे घरजावयाला होणार ते सगळे मुलगेच. आणि ती कात्री बापाकडून प्रत्येक मुलग्यात उतरायची, मग त्यालाही मुलगेच, त्याच्या मुलग्यांनाही मुलगेच. काही पिढ्यांत शेतभर नवरेच नवरे आणि नवरी औषधालाही नाही. विष नको, सापळा नको. उरलेले उंदीर म्हातारे होऊन आपसूक संपायचे. घाटावरच्या एका खोऱ्यात हा प्रयोग होऊन गेला होता आणि तिथे आता शेतात उंदीर दिसत नव्हता.

"मुलगेच मुलगे झाले की वंश बुडतो," सुनंदाबाई म्हणाल्या, "हे कळायला उंदीर लागले होय तुम्हाला?"

अडचण एवढीच होती की शेतउंदरांची कात्री जवळच्या रानउंदरांत जाता कामा नये. तसा कायदाच होता. जिथे जवळ दुसरा रानउंदीर राहतो, तिथे त्याच्या जाणकाराने निर्वाळा द्यायचा. सड्यावरचा उंदीर खरोखर वेगळी प्रजाती असेल, म्हणजे शेतउंदराशी त्याची सोयरीक होत नसेल, तर खाली शेतात घरजावई सोडले तरी वरच्याला धक्का नाही. होत असेल, तर परवानगीही नाही. आणि सड्याच्या उंदराची जाणकार हेमांगीखेरीज कोण असणार?

प्रकल्पाचा शास्त्रज्ञ निहाल दलवाई हा तिचाच जुना विद्यार्थी. पावसाळा तोंडावर आला तसा तो घाईघाईने घरी आला. चप्पल काढता काढताच म्हणाला, "मॅडम, अख्खा सडा हुंगून झाला."

हुंगणारं यंत्र म्हणजे काठीला टांगलेला जेवणाच्या डब्याएवढा एक डबा. सड्यावर असे बरेच लावले होते. हवा आत ओढायची, तिच्यातली केसा-कातडीची धूळ गाळायची, त्या धुळीतला डीएनए वाचायचा आणि आसपास कोण राहतं ते सांगायचं, हे त्याचं काम. कागदोपत्री नाव लांबलचक होतं; गाव त्याला हुंग्या म्हणायचं.

"जिथे जिथे बीळ, तिथे तिथे सुनंदाए," निहाल म्हणाला. "शेतउंदीर एकही नाही. तुम्ही पूर्वी म्हणाला होतात, अगदी तसंच."

"म्हटलं होतं ना?" हेमांगी म्हणाली. खोटं कशाला, तिला गुदगुल्या झाल्या. कवट्या मोजून डोळे गेले होते तिचे, आणि आता यंत्रही तिच्याच पंगतीला येऊन बसलं होतं.

सुनंदाबाईंनी कोकम सरबताचा पेला पुढे केला. "काय रे निहाल, माझा उंदीर बरा आहे ना?"

"झकास आहे, आजी."

"मग करताय सही?" त्याने हेमांगीकडे वळून विचारलं.

"उद्या सड्यावर एक फेरी मारून येते. मग करते."

"मॅडम, यंत्राने बघितलंय हो सगळं."

"यंत्राने हुंगलंय रे. बघणार मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंतही तिच्याबरोबर निघाला. बाळा गेल्यापासून तो इतका मोकळा कधी दिसला नव्हता. घरात आईसमोर हेमांगी त्याला अहो म्हणायची. सडा लागला की जयवंत. त्या दिवशी त्याने वाटेत करवंदं काढून तिच्या ओंजळीत घातली, जुन्या सवयीने आधी स्वतः एक खाऊन बघून.

"सही झाली की पहिले रंजनाला सांगणार मी," तो म्हणाला. रंजना म्हणजे बाळाची बायको. "परवा भेटली तर म्हणाली, भावजी, पाण्यात पाय घालायच्या आधी नुसती बांधावर बसून राहते."

"पहिले तिलाच सांग," हेमांगी म्हणाली.

सड्याच्या मध्यावर सगळं जागच्या जागी होतं. जुने उंबरे, त्यांच्यावर नव्याने चढवलेले खडे. हेमांगी ओळखीच्या घरांवरून जावं तशी चालली होती. मग ते पलीकडच्या उतारावर उतरले. तिथे काही वर्षांपूर्वी आंब्याच्या बागांसाठी कुणी सुरुंग लावून कातळ फोडला होता आणि ट्रकांनी माती आणून भरली होती. बाग काही धरली नाही, पण माती राहिली. खालच्या खाचरांपासून वरच्या कातळापर्यंत सलग, गवताळ.

"हा कोण ठेकेदार?" जयवंत एका बिळापाशी थांबून हसायला लागला. "खडी आणून टाकलीय आणि काम सोडून पळालाय बघ!"

हेमांगीने बघितलं. बिळाच्या दारात उकरलेल्या मातीचा ढीग होता, अगदी शेतउंदराचा असतो तसा. आणि त्या ढिगावर खडे होते. आणलेले, निवडलेले, एका मापाचे. पण रचलेले नाहीत. काही ढिगावर, काही ढिगाच्या पोटात, चारदोन उलटे बिळाच्या आतच ढकललेले. ती पालथी पडली. मग उठली आणि पुढचं बीळ बघितलं. त्याच्यापुढचं बघितलं. अर्धा उंबरा आणि त्यावर ओतलेली माती. उंबरा आहे पण मागच्या बाजूला. जयवंत तिच्या मागून हसत येत होता, तो हळूहळू हसायचा थांबला.

"काय झालं, हेमा?"

"कामचुकार नाहीयेत ते." तिने तळहातावरची माती झटकली. "बीळ कसं करायचं हे उंदराला कुणी शिकवत नाही, जयवंत. ते जन्मतःच अंगात येतं. खडे आणायची ओढ एका घरची आणि दारात माती टाकायची खोड दुसऱ्या घरची. या पोरांच्या अंगात दोन्ही आलंय, म्हणून त्यांना कळत नाहीये काय करावं."

"पण हुंग्या तर म्हणतो..."

"हुंग्या काय म्हणतो ते मला आत्ता कळलं," ती म्हणाली आणि कातळावर बसून तिने नवऱ्याला ते समजावलं.

पेशीत डीएनए दोन जागी असतो. एक मधल्या गाभ्यात. तो आई आणि बाप दोघांकडून आलेला, आणि त्याच्या प्रती दोनच. दुसरा गाभ्याबाहेर, पेशीला शक्ती पुरवणाऱ्या बारीक कणांत. त्याच्या शेकड्यांनी प्रती, पण तो येतो फक्त आईकडून. हवेतली धूळ ती केवढीशी. तिच्यात हुंग्याला हमखास सापडायचा तो हा दुसराच. थोडक्यात, हुंग्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होता, तुझी आई कोण? आणि सड्यावरचा प्रत्येक उंदीर खरं उत्तर देत होता. शेतातले नर मातीच्या जिन्याने वर आले होते, सड्यावरच्या माद्यांशी त्यांनी संसार थाटले होते, पोरं आईच्या घरी वाढत होती. आणि बापाची चौकशी कुणी केलीच नव्हती.

"माणसांच्या कागदावर आई शोधावी लागते," हेमांगी म्हणाली, "इथे बाप हरवला."

जयवंत हसला नाही. तो खाली, हिरव्या रोपांनी भरलेल्या तरव्यांकडे बघत होता. "म्हणजे घरजावई..."

"ते पण याच जिन्याने वर येणार."

खड्यांना चिकटलेले केस तिने निहालकडे दिले. केस मुळासकट असला की गाभ्यातला डीएनएही वाचता येतो. निहालने ते काम दुसऱ्या कुणावर सोपवलं नाही. निकाल आला तेव्हा फोन न करता तो स्वतः आला, आणि या खेपेला चप्पल काढायला त्याला बराच वेळ लागला.

"बाप शेतातला आहे," तो म्हणाला. "सगळ्यांचा नाही, पण त्या उतारावरच्या बऱ्याच जणांचा. आणि ही पहिली पिढी नव्हे, मॅडम. काहींच्या आईचा बापही शेतातलाच."

"म्हणजे मिसळीची पोरं वांझ नाहीत."

"नाहीत." तो म्हणाला. "मॅडम, मध्यावरचे अजून निखळ सुनंदाएच आहेत. कडेला थोडी मिसळ झाली म्हणून प्रजाती मोडली, असं शास्त्रातले सगळे म्हणत नाहीत. वेगळी प्रजाती म्हणायला अजून वाव आहे. तुम्ही तसं म्हणालात तर कुणी तुम्हाला खोटं पाडणार नाही."

"कपाटात ठेवायच्या उंदराला तो वाव पुरेल रे," हेमांगी म्हणाली. "कात्रीला किती वाव लागतो?"

निहालने मान खाली घातली. तो हुशार होता, तिनेच शिकवलेला. "वेगळी नाही असं लिहिलंत तर काम थांबेल," तो म्हणाला. "आणि सुनंदाए ही प्रजाती म्हणून राहणार नाही. तुमचं आयुष्यभराचं काम आहे ते."

"माझं काम उंदीर बघायचं आहे. तो मी बघितला."

बोलायला सोपं होतं. निहाल गेल्यावर ती मागच्या पडवीत जाऊन उगाचच सुकट निवडत बसली. निवडलेलंच पुन्हा निवडत.

जयवंतचा स्फोट दुपारी जेवताना झाला. "रंजनाला काय सांगू मी?" त्याने ताट सरकवलं. "उंदरांची सोयरीक जुळली म्हणून थांबलो?"

"हो. हेच सांग. खरं तेच आहे."

"माणूस गेलाय तिचा! आणि तुला तुझ्या सड्यावरच्या लाडक्याचं पडलंय."

"लाडाचा प्रश्न असता तर सही करून मोकळी झाले असते," हेमांगी म्हणाली. "नाव राहिलं असतं, मान राहिला असता, तूही ताटावर बसला असतास. फक्त उंदीर गेला असता. आणि तोही फक्त इथलाच नव्हे. सडे एकमेकांना लागून आहेत, जयवंत. वर चढलेली कात्री कुठे जाऊन थांबेल ते मला सांगता येत नाही, निहालला येत नाही, कुणालाच येत नाही."

त्या दिवसापासून जयवंत घरात पाहुण्यासारखा वागू लागला. मागून घेईना, नको म्हणेना.

उरल्या सुनंदाबाई. संध्याकाळी त्या ओट्यावर बसल्या होत्या. हेमांगी शेजारी जाऊन बसली. "आई, पुस्तकातलं तुमचं नाव हलवायची वेळ आलीय."

"का गो? मी मेले काय?"

हेमांगीने सांगितलं. सुनंदाबाईंनी नीट ऐकून घेतलं, मध्ये एकदाच विचारलं, "सड्यावरच्या बायकांनी शेतातले नवरे केले, त्याची शिक्षा माझ्या नावाला?"

"शिक्षा नाही. तो आता उपप्रजाती ठरणार. म्हणजे आधी मूषकाचं नाव, मग शेतउंदराचं, आणि मग तुमचं. तिसऱ्या जागी."

"आणि सही केलीस तर?"

"नाव होतं तिथेच राहील. उंदीर राहणार नाही."

सुनंदाबाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "माझ्या लग्नाचा फोटो बघितलायस ना? सासू पुढे, सासरे पुढे, दीर-नणंदा पुढे. माझं नुसतं नाक दिसतंय मागून. तरी लग्न माझंच होतं ना गो?"

हेमांगीला हसू आवरेना आणि रडूही.

"आणि त्याला सांभाळून घेईन मी," सुनंदाबाई आतल्या खोलीकडे मान करून म्हणाल्या. "बापावर गेलाय. राग सावकाश पचतो."

रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. अध्यक्ष म्हणून जयवंत खुर्चीवर, शेजारी निहाल. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, आणि पुढच्या ओळीत रंजना, हातांची घडी घालून. हेमांगीने उभं राहून जे आढळलं ते सरळ सांगितलं. माती, नर, पोरं, कात्री. मागून कुणीतरी ओरडलं, "मांडवकरांच्या सुनेला सासू राखायचीय!"

हॉल हसला.

"सासू राखायची असती तर घरात बसून सही केली असती," हेमांगी म्हणाली. "सासूचं नाव वरून खाली आणा, असं सांगायला आलेय मी. अशी सून दुसरी दाखवा."

यावर बायांची बाजू जास्त हसली. पण रंजना हसली नाही. ती उठून उभी राहिली.

"वहिनी, तुमचा उंदीर वाचेल," ती म्हणाली. "माझा माणूस?"

या प्रश्नाचं उत्तर हेमांगीने बरेच दिवस शोधलं होतं आणि पुरतं सापडलं नव्हतं. "बाळाभावजींना आणायची ताकद ना त्या उंदरात आहे ना माझ्यात," ती म्हणाली. "पण मी सही केली तरी यंदाचं पाणी तेच राहणार, रंजना. घरजावई आज सोडले तर उंदीर संपायला दोन-तीन पावसाळे. आणि ते संपले की त्यांची रिकामी बिळं कोण घेणार? घूस. तिच्या मुतात हे जंतू कमी नाहीत, आणि ती बांधच्या बांध पोखरते." ती निहालकडे वळली. "घाटावर काय झालंय, सांग."

निहाल उठला. त्याच्या नोकरीचा प्रश्न होता; तरी उठला. "घाटावर उंदीर गेले हे खरं," तो म्हणाला. "घुशी वाढल्यात हेही खरं. किती, ते आम्ही आत्ता कुठे बघायला घेतलंय."

"मग आधी का नाही सांगितलंत?" रंजनाने विचारलं.

"आधी बघितलं नव्हतं," तो म्हणाला.

हॉलमध्ये कुजबूज वाढली. हेमांगीने आवाज चढवला. पोरांच्या वर्गात चढवायची तसा. "ऐका! हुंग्याला बाप कळत नाही, पण जंतू कळतो. तो सड्यावर टांगून ठेवायची काय गरज? खाचरात उतरवा. नळी पाण्यात सोडली की तो पाण्यातला डीएनए वाचेल आणि लेप्टो असेल तर सांगेल. ज्या खाचरात आज जंतू असेल तिथे आज पाय घालायचा नाही. बाकी गमबूट, आठवड्याची गोळी आणि ताप आला की त्याच दिवशी दवाखाना. भात उंदीर खातीलच, त्यांना मी अडवू शकत नाही. बांध बारीक ठेवले तर बिळं कमी होतील, एवढं सांगू शकते."

"भात मंडळाचं काय म्हणणं?" एक म्हातारा जयवंतकडे बघत म्हणाला. "का बायकोपुढे मंडळ बरखास्त?"

जयवंत खुर्चीतून उठला. तो हेमांगीकडे बघत नव्हता. "ते बिघडलेलं बीळ पहिलं मी बघितलं," तो म्हणाला. "ती काही बोलायच्या आधी. मी हसलो होतो. खडी टाकून पळालेला ठेकेदार, असं म्हणालो होतो. तेव्हा बायकोने फूस लावली, असं मला कुणी म्हणू नका." त्याने रंजनाकडे बघितलं. "बाळा असता तर म्हणाला असता, जया, घाईत बांधलेला बांध पहिल्या पुराला जातो. यंदा घरजावई नकोत. हुंगे खाचरात उतरवा. माझं मत हे."

ठराव झाला. टाळी कुणी वाजवली नाही. रंजना ठराव वाचून व्हायच्या आधीच निघून गेली होती.

घरी येताना जयवंत पुढे आणि हेमांगी मागे, असे दोघं निम्मी वाट चालले. मग तो थांबला, ती येईपर्यंत. तिच्या खांद्यावरची पिशवी काढून त्याने आपल्या खांद्यावर घेतली.

हेमांगीने निर्वाळा लिहिला तो चार ओळींचा. शेतउंदरापासून वेगळी प्रजाती नाही. दोघांत संकर होतो आणि तो टिकतो. नरांना सोडायची शिफारस नाही. नोंदणीच्या जागतिक यादीत नाव बदललं तेव्हा तिने ते सुनंदाबाईंना फोनवर मोठं करून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून, बोट फिरवून, तिसरा शब्द गाठला. "अक्षर तेवढंच आहे," त्या म्हणाल्या. "मला वाटलं बारीक करतील." पुढच्याच लग्नात त्यांनी व्याह्यांना सांगितलं की आपल्या नावाच्या उंदराचं आता मोठं खटलं झालंय, शेतापासून सड्यापर्यंत.

निहालची बदली झाली, पण जायच्या आधी त्याने हुंग्यांना नळ्या लावून दिल्या. लावणीच्या दिवसांत कातळोशीच्या बांधांवर काठ्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या टोकांना दिवे. पाणी निर्धोक असेल तर हिरवा, नसेल तर लाल. पहिले काही दिवस लोक दिव्यांची टर उडवत होते. मग वरच्या वाडीतला एकजण लाल दिव्याच्या खाचरात उतरला, तापाने पडला, त्याच दिवशी उचलून नेला म्हणून बरा होऊन आला, आणि टर थांबली.

रंजना मात्र हेमांगीशी बोलत नव्हती. समोरून आली तर वाट बदलायची. तिची खाचरं मांडवकरांच्या खालच्या अंगाला होती. एके दिवशी झिमझिम पावसात हेमांगी, जयवंत आणि आणखी दोघी बाया लावणी करत होत्या, तेव्हा रोपांच्या जुड्या डोक्यावर घेऊन रंजना आली. गमबूट घातलेले, पदर खोचलेला. बांधावर बसून तिने पाय पाण्याकडे सोडला आणि तेवढ्यात तिच्या काठीवरचा दिवा लाल झाला.

वरचे सगळे थबकून बघत राहिले. हेमांगीने हातातली रोपं तशीच धरून ठेवली. रंजना त्या दिव्याकडे बघत होती; मग पाण्याकडे. एवढंसं पाणी, त्यात ढगांचं राखाडी आभाळ, वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तिने पाय वर घेतला.

"वहिनी!" ती खालून ओरडली. बऱ्याच दिवसांनी. "माझा राग गेलेला नाही हां!"

"नको जाऊ देऊ!" हेमांगी वरून ओरडली.

"पण आज उतरत नाही मी!"

"नको उतरू!"

रंजना बांधावरून उठली. मग तिने जुड्या पुन्हा डोक्यावर घेतल्या, बांधाबांधाने चढून वर आली, मांडवकरांच्या खाचरातला हिरवा दिवा एकदा नीट बघून घेतला आणि पाण्यात उतरून लावणीच्या ओळीत उभी राहिली. हेमांगीपासून चार हात लांब, पण त्याच ओळीत.